अहमदनगरचा वेढा आणि कादंबरींतील हेर स्त्री

युद्धकालीन ऐतिहासिक कादंबऱ्यांत शत्रूचीं गुपितें काढणारी नायिका वारंवार भेटते. तशी स्त्री अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, वेढ्यांत शोधूं गेल्यास आम्हांस निराळेंच चित्र दिसतें.

शहाजादा मुरादच्या सैन्यानें १५९६ च्या फेब्रुवारींत किल्ल्याच्या तटाखालीं सुरुंग पेरले होते. ही गुप्त वार्ता मोंगलांच्याच छावणींतील ख्वाजा महंमदखान शिराझी यानें आंत पोंचविली, असें फिरिस्ता लिहितो. चांदबिबीनें लागलीच खोदकाम लावून दोन सुरुंग निकामी करविले. एक उडून तट ढासळला, तेव्हां ती स्वतः शस्त्र घेऊन खिंडारापाशीं उभी राहिली. वार्ता पुरुषानें आणिली. तिचें चीज स्त्रीनें केलें.

पुढें १६०० सालच्या वेढ्यांत तिनें तहाचा विचार मांडिला. तोंच ती शत्रूस फितूर झाल्याची आवई हमीदखानानें उठविली आणि जमावानें तिचा वध केला. किल्लाही त्याच वर्षीं पडला.

कादंबरीकारानें हेर नायिका खुशाल कल्पावी. आमची हरकत नाहीं. मात्र चांदबिबीस गुप्त कारस्थानी रंगवितांना, त्याच आरोपाखालीं तिचा प्राण गेला, याचें विस्मरण होऊं नये.