जमिनीलगतचे जंगल

उंदीर, चिचुंदऱ्या आणि खारी जंगलात सगळीकडे सारख्या विखुरलेल्या नसतात. एकाच टेकडीच्या उतारावर एक जात भरपूर सापडते, तर शंभर पावलांवरच्या नाल्याकाठी तिचा मागमूसही नसतो. हा फरक वरच्या झाडांच्या जातींवरून नेहमीच उलगडत नाही. पाचोळ्याचा थर, आडवे पडलेले लाकूड, खडकांच्या फटी, खोडांतल्या ढोल्या, झुडपांची दाटी आणि पाण्याची जवळीक यांवर तो बराच अवलंबून असतो. जो प्राणी मुठीत मावतो, त्याच्या दृष्टीने कुजके ओंडके म्हणजे घर, वाट आणि कोठार यांची एकत्र सोय असते.

गोंदिया जिल्ह्यात हे समजून घ्यायला फार हिंडावे लागत नाही. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा 5234 चौरस किलोमीटरचा असून त्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. झाडीपट्टी हे नाव या भागाला उगाच पडलेले नाही. नागझिरा 1970 मध्ये अभयारण्य झाले, नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि डिसेंबर 2013 मध्ये न्यू नागझिरा व कोका यांच्यासह नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला. ऐन, धावडा, मोह, तेंदू, बिजा, साग आणि बांबू यांचे हे शुष्क पानझडी जंगल आहे. त्याच्यात दगडाळ टेकड्या आहेत, अर्जुन-जांभळाचे ओलसर नाले आहेत, मालगुजारी तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, आहेत. जंगलाच्या कडेला लगेच धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरे, सुरू होतात. इतक्या तऱ्हेचे आसरे थोड्या अंतरात असल्यामुळे लहान प्राण्यांच्याही अनेक जातींना येथे जागा मिळते.

दगडाळ उतारांपासून सुरुवात करता येईल. मध्य भारतातल्या अशा उतारांवर तपकिरी काटेरी उंदीर राहतो. त्याच्या पाठीचे केस राठ आणि टोकदार असतात. मुरमाड जमिनीत बीळ खणल्यावर तो तोंडाशी बारीक खडे आणून रचतो आणि दिवसा आत असताना त्याच खड्यांनी बीळ बंद करतो. एका मापाच्या खड्यांची ती छोटी रास म्हणजे आत रहिवासी असल्याची खूण. जमीन कोरडी, निचऱ्याची आणि खडे उपलब्ध असलेली हवी, ही या जातीची अट. नाल्याकाठच्या चिकट मातीत ती पुरी होत नाही. खडकांच्या मोठ्या फटी आणि झाडांच्या ढोल्या पांढऱ्या शेपटीच्या रानउंदराच्या वाट्याला येतात. त्याची शेपूट बुडाकडे गडद आणि टोकाकडे पांढरी असते.

झाडावरची वस्ती तर आणखी बारकाईने वाटलेली असते. लांब शेपटीचा झाडउंदीर हा अवघ्या काही ग्रॅम वजनाचा प्राणी आहे. त्याची शेपूट धडापेक्षाही लांब असते. पायांची कडेची बोटे पकडीसाठी वळतात आणि त्यांवर टोकदार नख्यांऐवजी चपटी नखे असतात. त्यामुळे बोटाएवढ्या फांदीवरूनही तो सहज धावतो. त्याला गवताचे घरटे करायला पोकळ फांदी, ढोली किंवा बांबूचे बेट लागते, आणि एका झुडपातून दुसऱ्यात जाण्यासाठी फांद्या एकमेकींना लागलेल्या असाव्या लागतात. मधला थर तोडला की वरची उंच झाडे जशीच्या तशी उभी असूनही या उंदराचे जंगल संपते. नागझिऱ्याच्या सस्तन प्राण्यांच्या यादीतली मोठी उडती खार वजनाने या सर्वांहून कितीतरी मोठी आहे. पण तिचीही भिस्त जुन्या झाडांच्या ढोल्यांवरच असते. ढोली पडायला झाडाचे वय व्हावे लागते. तरुण सागवानाच्या रांगा कितीही हिरव्या दिसल्या तरी त्या ढोली देऊ शकत नाहीत.

बांबूचा हिशोब वेगळा आहे. येथील मानवेल बांबू अनेक दशकांनी एकदम फुलतो, मग मरतो, आणि जमिनीवर बियांचा सडा पडतो. अशा वेळी उंदरांना अचानक मुबलक अन्न मिळते. मिझोरममधल्या वेगळ्या जातीच्या बांबूला सुमारे 48 वर्षांनी फुलोरा येतो. 1959 मध्ये त्यामागोमाग उंदरांची पैदास बेसुमार वाढून शेते उजाड झाली आणि दुष्काळ पडला. एरवी बांबूची बेटे आसरा देतात, फुलोऱ्याच्या वर्षी अन्नही देतात, आणि त्यानंतर दोन्ही काढून घेतात.

जंगल संपते तेथे धानाच्या बांध्या लागतात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मातीचा ताजा ढीग दिसला की घुशीचे बीळ ओळखू येते. ही जात पोहण्यात तरबेज असते. बांधीत पाणी साचले की ती उंच धुऱ्यावर सरकते आणि पीक पिकू लागले की लोंब्या ओढून बिळातल्या कोठ्या भरते. मऊ केसांचा शेतउंदीर जमिनीच्या भेगांमध्ये राहतो आणि पावसाळ्यात त्या भेगा मिटल्या की त्याला हलावे लागते. शेतात जाती कमी असतात, पण एखाद्या जातीची संख्या प्रचंड असते. जंगलात उलट चित्र दिसते. म्हणून धुऱ्यावर उंदीर फार झाले, यावरून जंगल समृद्ध आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

या सगळ्याला ऋतू आणि माणसाचा हात हलवत राहतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो. मोहावर येथील अनेक कुटुंबांचे उन्हाळी उत्पन्न अवलंबून असते, तेव्हा या प्रथेकडे नुसत्या दोषदृष्टीने पाहणे अन्यायाचे ठरेल. पण आग पसरली की पाचोळ्यातले किडे जातात आणि त्यांवर जगणाऱ्या चिचुंदरीचे अन्न जाते. कुजके ओंडके राख होतात. बिळात खोल असलेला उंदीर जगतो. मात्र बाहेर आल्यावर त्याला उघड्या काळ्या जमिनीवर घुबड आणि रानमांजर यांच्यासमोर फिरावे लागते. रायमुनियाच्या झुडपांचे रान फसवे असते. ते आडोसा भरपूर देते, पण खालचे गवत मारते, आणि गवताच्या बियांवर जगणाऱ्या जातींची उपासमार होते.

अधिवासाची रचना आणि जातींची विविधता यांचा संबंध शास्त्राने जुन्या काळापासून तपासला आहे. मायकेल रोझेनझ्वाइग आणि जेराल्ड विनाकुर यांनी 1969 मध्ये अमेरिकेच्या वाळवंटी उंदरांवरच्या अभ्यासात झाडोऱ्याची रचना आणि जमिनीचा पोत यांचे महत्त्व दाखवले. भारतात कार्तिक शंकर यांनी निलगिरीतल्या शोला जंगलांचा आणि लगतच्या गवताळ भागांचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध केला. एकमेकांना खेटून असलेल्या या दोन अधिवासांत लहान सस्तनांचे वेगवेगळे समूह राहतात. महाराष्ट्रातला पुरावा रानपिंगळ्याच्या रूपाने समोर आहे. नामशेष समजला गेलेला हा पक्षी 1997 मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात पुन्हा सापडला. त्याला घरट्यासाठी ढोली लागते आणि भक्ष्यात उंदीर-सरड्यांचा मोठा वाटा असतो. म्हणजे त्याचे घर आणि त्याचे अन्न, दोन्ही जुन्या झाडांवर आणि जमिनीलगतच्या जीवनावर अवलंबून आहेत.

या प्राण्यांची गणना मात्र दुर्लक्षित राहिली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राणी सर्वेक्षणाची सुरुवात 1911 मध्ये खानदेशातून झाली होती. एवढी जुनी परंपरा असूनही आज जंगलातले बहुतेक कॅमेरे वाघासाठी लावलेले असतात, आणि काही ग्रॅमचा उंदीर त्यांतून निसटतो. त्याच्यासाठी अॅल्युमिनियमचे घडीचे पिंजरे दाणे घालून रात्रभर मांडावे लागतात, पकडलेल्या प्राण्याला खूण करून सोडावे लागते आणि तोच प्राणी पुन्हा किती वेळा येतो ते मोजावे लागते. पिंजऱ्याजवळ पाचोळा किती जाड आहे, ओंडका किती दूर आहे, हेही त्याच वेळी नोंदवले तरच अधिवासाचा अर्थ लागतो. कायदाही या प्राण्यांना फारसा मानत नव्हता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात उंदीर पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून होते. ती अनुसूची 2022 च्या दुरुस्तीने गेली.

वाळलेले पण उभे असलेले झाड सरपणासाठी किंवा सफाईसाठी पाडण्याआधी त्याच्या खोडात ढोली आहे का, हे एकदा पाहावे. आणि आडवा पडलेला ओंडका रस्त्यात नसेल, तर तो होता तेथेच राहू द्यावा.