खंडाळा एक की दोन?

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या अलीकडे लागते ते खंडाळा सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. बोरघाटाच्या माथ्यावरील थंड हवेचे खंडाळा मात्र पुणे जिल्ह्यातील. समजा, राज्यभरातील ग्राहकांची संख्या गावाच्या नावानुसार मागवली आणि सोबत जिल्हाही दाखवण्यास सांगितले, तर संगणक काय करील?

माहितीचे गट पाडणाऱ्या ‘ग्रुप बाय’ या आज्ञेने दोन्ही खंडाळे एकाच गटात येतात. जिल्हे मात्र दोन उरतात. ओरॅकल व पोस्टग्रेएसक्यूएल हे डेटाबेस अशी मागणी चूक ठरवून थांबतात. मायएसक्यूएल मात्र पूर्वी गटातील कोणताही एक जिल्हा निमूटपणे दाखवीत असे. २०१५ मध्ये आलेल्या ५.७ या आवृत्तीपासून तोही मूळ मांडणीत नकार देतो. मात्र ही अट बंद करता येते.

ती बंद असेल, तर लोणावळ्याजवळच्या ग्राहकांची भर साताऱ्याच्या आकड्यात पडते आणि अहवालात चूक दिसतही नाही. म्हणून गट केवळ गावाच्या नावावर न पाडता जिल्हा, तालुका व गाव या तिन्हींवर पाडावा. मग डेटाबेस कोणताही असो, दोन्ही खंडाळ्यांचा हिशेब वेगळाच राहतो.