रसायनशास्त्राचें मार्गदर्शक पुस्तक निवडतांना

अकरावीचे प्रवेश उरकले, कीं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत पालकांची रीघ लागते. मूल विज्ञानशाखेचें असलें, तर हातांतील यादींत रसायनशास्त्राचीं दोन-तीन जाडजूड मार्गदर्शक पुस्तकें हटकून असतात. पुढें त्यांतील एक अर्धें वाचून होतें, दुसऱ्याचीं पहिलीं तीस पानें चाळलीं जातात, आणि तिसरें कोरें करकरीत रद्दींत जातें. पैशांचें दुःख गिळतां येतें. परंतु ह्या ओढाताणींत मुलाचे जे महिने जातात, ते परत मिळत नाहींत. म्हणून हीं पुस्तकें कशीं पारखावीं, एवढाच विषय मीं आजच्या भाषणास घेतला आहे.

श्रोतेहो, असलें पुस्तक रसायनशास्त्राचें नसतें. तें एका विशिष्ट परीक्षेचें असतें. आपल्याकडील पुष्कळ मुलें दोन परीक्षांस बसतात. एक, वैद्यकीय प्रवेशासाठीं देशभर होणारी 'नीट'. आणि दुसरी, अभियांत्रिकी, औषधनिर्माण इत्यादि शाखांसाठीं महाराष्ट्र राज्याची 'सीईटी'. २०२५ सालच्या नीटमध्यें रसायनाचे ४५ प्रश्न होते. बरोबर उत्तरास ४ गुण, चुकीच्या उत्तरास १ गुण वजा. सीईटींत प्रश्न ५०, गुण प्रत्येकीं १, आणि वजावट मुळींच नाहीं. मात्र पदार्थविज्ञान व रसायन मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावयाचे. तेव्हां "दोन्हीं परीक्षांस उपयुक्त" असें ज्याच्या मुखपृष्ठावर छापलें आहे, त्या पुस्तकाकडे जरा संशयानेंच पाहावें.

अभ्यासक्रमांतही भेद आहे, आणि येथेंच पालक फसतात. राष्ट्रीय वैद्यक आयोगानें २०२४ च्या नीटसाठीं अभ्यासक्रम नव्यानें आंखून दिला. त्यांतून स्थायूंची अवस्था, बहुवारिकें, धातूंचें निष्कर्षण इत्यादि भाग गळले. राज्याच्या बारावीच्या पुस्तकांत मात्र स्थायूंचें प्रकरण अगदीं पहिलें आहे, आणि सीईटीसाठीं तें करावेंच लागतें. उलट प्रकारही आहे. एनसीईआरटीचीं पाठ्यपुस्तकें हा नीटचा मुख्य आधार; परंतु २०२३ पासूनच्या त्यांच्या आवृत्तींतून 'पी-ब्लॉक' मूलद्रव्यांचीं प्रकरणें काढून टाकलीं आहेत. नीटच्या अभ्यासक्रमांत तो भाग कायम आहे! विद्यार्थी पाठ्यपुस्तक इमानानें पाठ करतो, आणि परीक्षेंत गट १३ ते १८ मधील मूलद्रव्यांवर प्रश्न येतो. मार्गदर्शक पुस्तकाची खरी गरज असल्या जागीं असते. म्हणून दुकानांत जातांना अभ्यासक्रमाचा छापील कागद बरोबर न्यावा, आणि तो पुस्तकाच्या अनुक्रमणिकेशेजारीं ठेवून एकेक प्रकरण ताडून पाहावें. दुकानदार कुरकुरला तरी चालेल.

आतां पुस्तकाच्या अंतरंगाकडे वळूं. शेंकडों प्रश्न आणि पाठीमागें उत्तरांचे आकडे, एवढ्यावर बहुतेक पुस्तकांचा डोलारा उभा असतो. त्यांची परीक्षा एका प्रश्नानें करतां येते. क्रोमियमच्या एका संयुगांत एका क्रोमियम अणूबरोबर ऑक्सिजनचे पांच अणु असतात. तर क्रोमियमचा ऑक्सिडीकरण अंक किती? साधा हिशेब करणारा मुलगा म्हणतो, ऑक्सिजन प्रत्येकीं उणे २, पांचांचे उणे १०, म्हणून क्रोमियम अधिक १०. उत्तर आहे अधिक ६. ज्या पुस्तकांत केवळ "अधिक ६" इतकेंच छापलें आहे, तें मिटून ठेवावें. चांगलें पुस्तक सांगेल, कीं क्रोमियमजवळ बंधासाठीं देण्याजोगे इलेक्ट्रॉन सहाच आहेत, तेव्हां १० हें उत्तर अशक्य. पांचांपैकीं चार ऑक्सिजन हायड्रोजन पेरॉक्साइडमधल्याप्रमाणें जोडीजोडीनें बांधलेले असतात, म्हणून ते उणे १ धरावयाचे. उरलेला एक उणे २. बेरीज उणे ६, आणि कोडें सुटलें. उत्तर कसें आलें हें तर सांगावेंच, पण मुलगा जेथें हमखास घसरतो ती पायरीही दाखवावी. अशा स्पष्टीकरणाचीं दोनशें पानें मला नुसत्या प्रश्नांच्या हजार पानांहून अधिक मोलाचीं वाटतात.

पुस्तक शिळें आहे कीं ताजें, हें ओळखण्याचीही एक खूण आहे. प्रमाण तापमान व दाब असतां एक मोल आदर्श वायूचें आकारमान किती? आमच्या पिढीनें २२.४ लीटर असें घोकलें. परंतु रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघानें १९८२ सालीं प्रमाण दाब एक अॅटमॉस्फिअरऐवजीं एक बार असा ठरविला, आणि तो आकडा २२.७ झाला. दोन्हीं आंकडे आपापल्या दाबास बरोबरच आहेत. प्रश्न इतकाच, कीं पुस्तककर्ता कोणता दाब धरतो तें सांगतो कीं नाहीं. एका पानावर २२.४ आणि दहा पानांपुढें २२.७, कारण कोठेंच नाहीं, असें आढळलें तर तें पुस्तक अनेक हातांनीं घाईघाईनें जुळविलेलें समजावें.

मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांचे संग्रह विकत घेण्यापूर्वीं एक विचार करावा. नीट घेणारी राष्ट्रीय परीक्षा संस्था प्रथम तात्पुरतीं उत्तरें जाहीर करते. विद्यार्थ्यांच्या हरकती ऐकून मग अंतिम उत्तरें ठरतात. हीं सर्वांस विनामूल्य पाहावयास मिळतात. संग्रहांतील पांच-दहा उत्तरें त्या अंतिम उत्तरांशीं ताडून पाहिलीं, म्हणजे प्रकाशकानें किती काळजी घेतली तें अर्ध्या तासांत कळतें. थोरल्या भावंडांचीं जुनीं पुस्तकें उदाहरणें सोडविण्यास खुशाल वापरावींत. अभ्यासक्रम मात्र त्यांवरून ठरवूं नये.

मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांविषयीं दोन शब्द. नीटची प्रश्नपत्रिका मराठींतूनही मिळते. परंतु भाषांतराविषयीं शंका निघाल्यास इंग्रजी पाठच अंतिम मानतात. तेव्हां त्यांच्यासाठीं पुस्तक घेतांना प्रत्येक पारिभाषिक शब्दाशेजारीं त्याचें इंग्रजी नांव दिलेलें आहे ना, हें अवश्य पाहावें. 'स्थायू' आणि 'बहुवारिक' हे शब्द मुलाच्या तोंडीं बसलेले असतात. परीक्षेच्या दिवशीं इंग्रजी पाठांतही ते त्याला चटकन ओळखतां आले पाहिजेत.