पेंटबॉल मार्कर: कोणता पार्ट कशाला बसतो?

पेंटबॉल एकदा खेळलात की पुढचा सर्च ठरलेला असतो: सेकंड-हँड मार्कर. पाठोपाठ प्रश्न येतो, "हा बॅरल याला बसेल का?" फोनच्या चार्जरसारखं 'पिन बसली की झालं' असं इथे नसतं. काही पार्ट चुकले तर फक्त पैसे जातात, काही चुकले तर जीवावर बेततं. म्हणून हा फरक आधी समजून घेऊ.

'गन' नाही, 'मार्कर' का?

पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर इथे झाला. खेळाडू होते १२. हातात होतं 'नेलस्पॉट ००७', म्हणजे झाडांवर रंगाची खूण करायचं पिस्तूल. खूण करणारं म्हणून मार्कर.

आधी डिझाइन ओळखा

- इनलाइन ब्लोबॅक: हॅमर, व्हॉल्व्ह आणि बोल्ट एकाच नळीत, एकामागे एक. टिपमन ९८ कस्टम आणि ए-५ या प्रकारातले. दणकट, म्हणून भाड्याने देणाऱ्यांचे आवडते.
- स्टॅक्ड ट्यूब ब्लोबॅक: खालच्या नळीत हॅमर, वरच्या नळीत बोल्ट, दोघांना जोडणारी पिन. किंगमनचा स्पायडर हे नेहमीचं उदाहरण.
- इलेक्ट्रो-न्यूमॅटिक: ट्रिगर दाबला की बॅटरीवरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह हवा सोडतो. स्मार्ट पार्ट्सचा आयन असा आहे.

ब्लोबॅकमध्ये गॅसचा एक भाग बॉल ढकलतो, दुसरा हॅमरला मागे नेऊन पुढच्या शॉटसाठी तयार ठेवतो. बोल्ट, हॅमर, स्प्रिंग हे आतले पार्ट एकमेकांच्या मापाने बनवलेले असतात. त्यामुळे नियम सोपा: आतले पार्ट त्याच मॉडेलचे घ्या.

बॅरल: सगळा खेळ आट्यांचा

बॅरल मार्करमध्ये आट्यांवर फिरवून बसतो आणि हे आटे कंपनीगणिक वेगळे असतात. टिपमन ९८, टिपमन ए-५, स्पायडर, आयन आणि ऑटोकॉकर हे नेहमी दिसणारे प्रकार. गंमत म्हणजे ९८ आणि ए-५ एकाच कंपनीचे, तरी बॅरल अदलाबदल होत नाही. याउलट प्लॅनेट एक्लिप्सचा एमेक ऑटोकॉकरचेच आटे वापरतो. म्हणून जाहिरातीत कंपनीचं नाव पाहू नका, आट्यांचा प्रकार विचारा. बॉलचं मापही बघा: .६८ आणि .५० कॅलिबर एकमेकांच्या बॅरलमध्ये चालत नाहीत.

टाकी: बसते सगळीकडे, चालते असं नाही

टाकीच्या जोडाचे आटे मात्र जवळपास सगळीकडे एकच. हे यूएसबी-सीसारखं झालं: पोर्ट सारखा, आत काय वाहतंय ते वेगळं.

कार्बन डायऑक्साइडच्या टाकीत द्रव असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. १० अंशांना साधारण ६५० पीएसआय, २१ अंशांना साधारण ८५०. म्हणजे नाशिकच्या थंडीत सकाळी बॉलचा वेग कमी पडतो. ३१ अंशांच्या वर तर तो द्रव म्हणून राहतच नाही, आणि भरलेल्या टाकीत दाब झपाट्याने चढतो. एप्रिल-मेमध्ये नाशिक चाळिशीला टेकतं, तेव्हा उन्हात उभ्या कारच्या डिकीत टाकी ठेवायची नाही. तसंच, द्रव आत शिरला तर सोलेनॉइडची सील खराब होतात. म्हणून इलेक्ट्रो मार्करला हाय-प्रेशर एअर द्या.

एअरच्या टाकीत ३००० किंवा ४५०० पीएसआय भरतात आणि रेग्युलेटर तो बहुधा ८५०च्या आसपास आणून सोडतो. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरचं हे काम नाही.

"लेथवर करून घेऊ ना!"

सातपूर-अंबडच्या शहरात हा विचार येणारच. बॅरलचा अडॅप्टर चांगल्या टर्नरकडून करून घेता येईल, कारण चुकला तर फार तर नेम बिघडेल. टाकी, तिचा व्हॉल्व्ह आणि रेग्युलेटर यांना मात्र हात लावायचा नाही. तिथला एक कच्चा आटा म्हणजे सुटलेली गोळीच.

आणखी एक धोका कमी लोकांना माहीत असतो. टाकी मार्करवरून काढताना कधी कधी टाकी न फिरता तिचा व्हॉल्व्हच टाकीतून सुटत जातो. अमेरिकेत अशा अपघातांत माणसं गेली आहेत. उपाय दहा रुपयांचा आहे: व्हॉल्व्ह आणि टाकी दोन्हींवरून जाणारी नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की तिथेच थांबा आणि टाकी जाणकाराकडे द्या.

घेण्याआधी हे तपासा

१. मॉडेलचं पूर्ण नाव आणि बॅरलच्या आट्यांचा प्रकार.
२. टाकीवर कोरलेली हायड्रोटेस्टची तारीख. आपल्याकडे गॅस सिलिंडरचे नियम २०१६चे आहेत आणि मंजुरी 'पेसो' देते, जिचं मुख्यालय नागपूरला आहे. परदेशातून टाकी मागवण्याआधी हे बघाच.
३. ओ-रिंग मिळतात का? टाकीच्या तोंडाची रिंग बहुधा ०१५ नंबरची असते.
४. वेग मोजायची सोय. मैदानांवर मर्यादा बहुधा सेकंदाला ३०० फुटांपर्यंत असते. स्प्रिंग किंवा टाकी बदलली की पुन्हा मोजा.
५. पेंटबॉलचाच मास्क. बाइकचा गॉगल नाही.

बजेट कमी असेल तर मार्कर जुना घ्या, टाकी आणि मास्क नवे घ्या.