किनाऱ्यावरचा ‘ऱ्या’ आणि ईमॅक्समधील हूक

रायगडच्या किनारपट्टीविषयी मराठीत काहीही लिहायचे झाले, तरी वारा, किनारा आणि खारा हे शब्द टाळता येत नाहीत, आणि त्यांना प्रत्यय लागताच ‘वाऱ्याचा’, ‘किनाऱ्यावर’, ‘खाऱ्या पाण्यात’ अशी रूपे होऊन त्यांत मराठीचा खास अर्धा ‘र’ येतो. हा ‘र’ युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपिचिन्हाला क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतप्रणालीत, दोन प्रकारे नोंदवता येतो: एक तर खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि हलन्त चिन्ह घेऊन, किंवा साधा ‘र’, हलन्त चिन्ह व त्यामागे ‘झीरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात; परंतु अलिबाग, मुरुड आणि श्रीवर्धनच्या नोंदी दोन वेगळ्या पद्धतींनी टंकित झाल्या असतील, तर साध्या शोधात एका पद्धतीने लिहिलेला ‘किनाऱ्यावर’ दुसऱ्या पद्धतीने लिहिलेल्या त्याच शब्दाशी जुळत नाही.

अशा अडचणीवर वापरकर्त्याला स्वतःच तोडगा काढता यावा, ही सोय ज्या संपादकांत, म्हणजे मजकूर लिहिण्या-सुधारण्याच्या संगणकप्रणालींत, मुळापासून आहे, त्यांत ईमॅक्स अग्रगण्य होय. त्याचा उगम १९७६ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत झाला आणि १९८५ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची ग्नू आवृत्ती प्रसृत केली, जिचा बराचसा भाग ईमॅक्स लिस्प या भाषेत लिहिलेला असून तो वापरकर्त्याला बदलता येतो. मात्र प्रत्येक लहान गरजेसाठी मूळ प्रणालीला हात लावणे धोक्याचे असल्यामुळे, फाइल उघडणे, ती जतन करणे, लेखनाचा विशिष्ट प्रकार सुरू करणे अशा ठरावीक क्षणांसाठी तिच्यात हूक ठेवलेले असतात. हूक म्हणजे फंक्शनांची, अर्थात नेमून दिलेले काम करणाऱ्या आदेशसमूहांची, यादी होय. तो क्षण आला की यादीतील फंक्शने क्रमाने चालवली जातात.

‘टेक्स्ट-मोड-हूक’मध्ये एक लहान फंक्शन जोडले, तर साधा मजकूर उघडताच अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्स पद्धतीवर आधारलेली देवनागरी टंकनयोजना आपोआप सुरू करता येते. त्याचप्रमाणे ‘बिफोर-सेव्ह-हूक’मध्ये, साधा ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह ही मालिका शोधून तिच्या जागी ‘ऱ’ व हलन्त घालणारे फंक्शन जोडले, तर प्रत्येक वेळी जतन करण्यापूर्वी नोंदी एकरूप होतात आणि शोध अचूक लागतो.

येथे काही पथ्ये पाळावी लागतात. नेपाळी लेखनात जोडचिन्हाचेच रूप रूढ असल्याने हा नियम सरसकट लावणे चुकीचे ठरेल. म्हणून ‘ॲड-हूक’ या आदेशाचा चौथा घटक वापरून तो फक्त मराठी फाइलपुरता मर्यादित ठेवावा. फंक्शनला नाव द्यावे, कारण निनावी फंक्शन पुढे ‘रिमूव्ह-हूक’ने काढून टाकणे जिकिरीचे होते. नवे फंक्शन एरवी यादीच्या आरंभी जाते, त्यामुळे एकाचे काम दुसऱ्यावर अवलंबून असल्यास क्रम स्पष्ट सांगावा.

एखाद्या भाषेच्या सर्व गरजा संपादक घडवणाऱ्याला आधी ठाऊक असणे शक्य नसते. त्या भाषेत लिहिणाऱ्याला स्वतःचा नियम जोडण्याची जागा मोकळी ठेवणे एवढे मात्र त्याच्या हाती असते, आणि मराठीसारख्या भाषेच्या दृष्टीने हूकचे खरे मोल त्या जागेतच आहे.