जात्यावरची तस्बीह

रमजानमध्ये शिरूर अनंतपाळच्या मुस्लीम घरांत सर्वांत आधी जाग येते ती आईला. मशिदीच्या भोंग्यावरून सहरची पुकार होण्याआधीच तिने तवा चढवलेला असतो. सगळ्यांना वाढून होईपर्यंत वेळ संपत येते आणि तिच्या वाट्याला घाईचे चार घास नि तांब्याभर पाणी येते. दिवसभर रोजा तिलाही असतो. मुलांचे डबे, धुणीभांडी, कुणाला शेतातली मजुरी आणि दुपार कलली की इफ्तारची तयारी. एवढे करून ती ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणते. हा शुक्र ती नेमका कशाचा मानते?

याचे उत्तर शोधायला हजरत फातिमा (रजि.) यांच्या घरात डोकवावे लागते. पैगंबर मुहम्मद (स.) यांची ही लाडकी लेक, हसन आणि हुसैन यांची आई. घरात कामाला माणूस नव्हते. जाते ओढून ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते. मदतीला कुणी मिळावे म्हणून त्या वडिलांकडे गेल्या. वडील घरी नव्हते, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांच्याकडे निरोप ठेवून परतल्या. रात्री पैगंबर स्वतः लेकीच्या घरी आले. झोपण्यापूर्वी ३३ वेळा ‘सुब्हानल्लाह’, ३३ वेळा ‘अल्हम्दुलिल्लाह’ आणि ३४ वेळा ‘अल्लाहु अकबर’ म्हणा, हे नोकरापेक्षा तुमच्यासाठी अधिक चांगले आहे, असे त्यांनी लेकीला आणि जावयाला सांगितले. हीच ‘तस्बीह-ए-फातिमा’. जगभरातल्या मुस्लीम घरांत ती आजही म्हटली जाते.

जात्याची ही गोष्ट मराठवाड्यातल्या बायाबापड्यांना परकी वाटायचे कारण नाही. पहाटेच्या दळणाबरोबर ओवी म्हणत, माहेराची, लेकराची आणि विठ्ठलाची आठवण काढत इथल्या पिढ्या दळत आल्या. दख्खनच्या सूफी परंपरेतही, विशेषतः विजापूरकडे, दखनी बोलीत ‘चक्कीनामा’ रचला गेला. दळता दळता बायांनी अल्लाहचे नाव घ्यावे, यासाठीची ही गाणी. मूल निजवायला ‘लोरीनामा’ होता. म्हणजे कामातच देव आठवण्याची रीत या मातीत दोन्हीकडे रुजली. जाते गेले, गिरणी आली. रीत मात्र राहिली.

पण शुक्र म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. हजरत फातिमा यांनी आपला त्रास लपवला नाही. त्या मागायला गेल्या आणि त्यांना कुणी गप्प बसवले नाही. आजारपणात, तसेच गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आईला त्रास होत असेल तर रोजा न ठेवण्याची मुभा शरीयतने दिली आहे. पैगंबर घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असे हजरत आयेशा सांगतात. आपली चप्पल ते स्वतः सांधत, कपडाही स्वतः शिवत. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही मानत नाही, अशी त्यांची शिकवण होती. मग आईने केलेल्या सहरवर रोजा ठेवून तिला साधा एक शब्दही न बोलणाऱ्याचा शुक्र पुरा कसा होणार?

आईचा आनंद असतो तरी कशात? पहिला रोजा ठेवलेले पोरगे दुपारपासून ‘अम्मी, कितना टाइम है?’ म्हणून दहादा विचारते, त्यात. अजान होताच त्याने खजूर तोंडात टाकल्यावर त्याचा चेहरा खुलतो, त्यात. शेजारच्या काकूंकडे भज्यांची नि टरबुजाची ताटली जाते. ताटली रिकामी परत द्यायची नाही, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता, म्हणून ती येताना मूठभर शेंगा किंवा चार लाडू घेऊन येते. दिवाळीत फराळाचे ताट उलट्या वाटेने येते. ईदच्या शिरखुर्म्याची वाट मोहल्ल्याबाहेरची मुलेही पाहतात. पैसा कमी-जास्त असेल, पाऊस दगा देईल, पण सगळी लेकरे एका दस्तरखानावर बसली आहेत, हे पाहून तिच्या तोंडून जे निघते तो शुक्र कुणी शिकवलेला नसतो.

कुरआनमध्ये सूरह लुकमानमध्ये आईने पोटात वाढवताना सोसलेल्या कष्टांचा उल्लेख करून अल्लाहचा आणि आईवडिलांचा शुक्र एकत्रच सांगितला आहे. उरलेल्या रोजांत घरातल्यांनी एवढे तरी करावे: इफ्तारची भांडी मुलांनी आणि त्यांच्या अब्बांनी घासावीत, सहरला पहिली भाकरी आईच्या ताटात पडावी. तरावीह झाल्यावर तिला चार निवांत क्षण मिळाले, तर फातिमांची तस्बीह तीही शांतपणे पुरी करील.