समस्थानिक (संज्ञेची व्युत्पत्ती)

समस्थानिक : अणुक्रमांक एकच पण द्रव्यमानांक भिन्न असलेल्या अणूंना परस्परांचे समस्थानिक म्हणतात. मूळ ‘आयसोटोप’ ही संज्ञा ‘आयसोस’ (सम) व ‘टोपॉस’ (स्थान) या ग्रीक शब्दांपासून बनविलेली असून मराठी संज्ञा हे तिचे शब्दशः रूपांतर होय. येथे स्थान म्हणजे अवकाशातील जागा नव्हे, तर आवर्त सारणीतील घर. हे ध्यानात न घेतल्यास संज्ञा अनाकलनीय वाटते.

या शब्दाची गरज किरणोत्सर्गाच्या अभ्यासातून उद्‌भवली. १९१२ च्या सुमारास किरणोत्सर्गी क्षयातून निर्माण होणारे तीसहून अधिक पदार्थ ज्ञात झाले होते. त्यांना सामावून घेण्यास शिशापासून युरेनियमापर्यंत घरे मात्र अकराच होती. शिवाय त्यांतील कित्येक पदार्थ रासायनिक रीतीने वेगळे होईनात. मेसोथोरियम–१ रेडियमापासून, तर रेडियम–डी शिशापासून अलग करण्याचे प्रयत्न निष्फळ ठरले. ग्लासगो येथील फ्रेडरिक सॉडी यांनी हे पदार्थ एकाच घरात बसविले. त्यांच्या श्वशुरगृही झालेल्या संभाषणात वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या कादंबरीलेखिका मार्गारेट टॉड यांनी या कल्पनेसाठी ‘आयसोटोप’ हा शब्द सुचविला, असे सांगतात. सॉडी यांनी तो ४ डिसेंबर १९१३ च्या ‘नेचर’ साप्ताहिकातील पत्रात वापरला. समस्थानिकांविषयीच्या संशोधनाबद्दल सॉडी यांना १९२१ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक लाभले. टॉड यांचे १९१८ मध्येच निधन झाले होते.

सॉडी यांच्या लेखी रासायनिक अविभाज्यता हेच समस्थानिकत्वाचे लक्षण होते. न्यूट्रॉनाचा शोध (१९३२) लागण्यापूर्वीची ही संज्ञा असल्याने द्रव्यमानातील फरकाचे आजचे स्पष्टीकरण तिच्यात अभिप्रेत असणे शक्यच नव्हते. १९३१ च्या अखेरीस हॅरल्ड यूरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ड्यूटेरियम शोधले. ते पाण्याच्या विद्युत् विच्छेदनाने साध्या हायड्रोजनापासून अलग होऊ शकते असे दिसल्यावर सॉडी यांनी त्यास समस्थानिक मानण्यास हरकत घेतली. आपल्या व्याख्येपुरते ते सुसंगतच होते. तथापि तोवर अणुक्रमांकावर आधारलेला अर्थ रूढ झाला होता व तोच टिकला. संज्ञा मात्र बदलावी लागली नाही, कारण ड्यूटेरियमाचे घर हायड्रोजनाचेच राहिले.

पुढे न्यूट्रॉनांची संख्या समान असलेल्या अणुकेंद्रांसाठी ‘आयसोटोन’ हा शब्द योजण्यात आला. त्याची घडण व्युत्पत्तीच्या दृष्टीने विलक्षण आहे : आयसोटोपमधील ‘प’ प्रोटॉनाचा मानून त्याजागी न्यूट्रॉनाचा ‘न’ घातला गेला. ‘टोपॉस’ शब्दातील ‘प’चा प्रोटॉनाशी अर्थातच काही संबंध नाही.